अठरा पूर्ण, पण उत्पन्न बापाचंच

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की दिव्यांगांचे मोर्चे निघतात आणि चर्चा रकमेवर येऊन थांबते. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळायचे, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते 2500 झाले. बच्चू कडू 6000 मागतात. मागणी रास्तच आहे. पण मूल सज्ञान झाल्यावर सरकार उत्पन्न कुणाचं मोजतं, हे कुणी विचारताना दिसत नाही.

माझी भाची, दादाची मुलगी, नंदनवनात राहते. वय 19, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. दादा इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला आहे. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. उत्पन्नाचा खरा दाखला जोडला की पोरीचं नाव बाद. 'कमी लिहून आणा' असा सल्ला द्यायला मात्र सगळे पुढे. याच सरकारनं 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली! त्यासाठी भाचीला 21 पूर्ण व्हावी लागतील. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनचे महिन्याला 300 रुपये अठराव्या वर्षापासून मिळतात, पण त्यासाठी 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवं. म्हणजे आज तिला कुठूनच काही नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, लवकरच सोळाचा होईल. सोळाला इथला लहान मुलांचा भत्ता संपतो आणि मोठ्यांच्या 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट'साठी नव्यानं अर्ज करावा लागतो. त्यात आमचा पगार कुणी विचारत नाही. प्रश्न सगळे त्याच्याबद्दल : स्वयंपाक, आंघोळ, कपडे, पैशांचा हिशेब, एकट्यानं प्रवास, अशी बारा कामं, आणि जितकं जमत नाही तितके जास्त गुण. पैसे सांभाळणं त्याला जमणार नसेल तर कोण सांभाळणार, तेही सरकार आधीच पत्र पाठवून विचारतं.

इथं सगळं आयतं मिळतं, असा नागपुरात समज आहे. तसं नाही. आपल्या लेकराला काय काय जमत नाही ते पानापानांवर लिहिताना आईचा जीव तुटतो. अर्ज नाकारला गेला, तर आठवड्याला 35 तास त्याची देखभाल करणाऱ्या आईचा भत्ताही त्याच्यासोबत जाऊ शकतो. 2025 मध्ये इथल्या सरकारनं गुणांची अट कडक करायचं ठरवलं होतं. स्वपक्षाचेच खासदार उलटले म्हणून जुलैमध्ये माघार घ्यावी लागली. हक्क इथंही भांडूनच टिकवावे लागतात.

इंग्लंडची तिजोरी वेगळी, महाराष्ट्राची वेगळी. म्हणून मी इथली रक्कम मागत नाही, मोजण्याची रीत मागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत द्यायला सांगितलं आहे. रक्कम वाढवायची आणि उंबरठा असा ठेवायचा की कुणी आत येऊच नये, याला मदत कसं म्हणायचं?

वहिनी फोनवर म्हणते, "ताई, पैशाचं जाऊ द्या, आमच्यामागं हिच्याकडं कोण पाहीन?" त्या काळजीची सुरुवातही अठराव्या वर्षीच होते. मूल सज्ञान झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. दादाला हे मी सांगितलं, तोवर भाची अठरा ओलांडून गेली होती. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढताना जन्मतारीख द्यावीच लागते. सतरा पूर्ण झाल्यावर घरी एक पत्र पाठवणं सरकारला अवघड नाही.

यंदाच्या मोर्चाच्या निवेदनात 6000 च्या वर एक ओळ हवी : अठरा पूर्ण झालेल्या दिव्यांगाचं उत्पन्न त्याचं स्वतःचं मोजा, आईबापाचं नाही. तेवढं लगेच होत नसेल, तर निदान लाडक्या बहिणीची अडीच लाखांची मर्यादा त्यालाही लावा.