ऑर्किडच्या कळ्यांवर रोज पाणी फवारू नका

बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय : ‘ऑर्किडला दमट हवा लागते, म्हणून कळ्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा, कळ्या सडणार नाहीत.’ कृपया हे करू नका. कळ्या सडतात त्या याचमुळे.

दमट हवा वेगळी आणि कळीवर साचलेलं पाणी वेगळं. रात्रभर ओली राहिलेली कळी बुरशी आणि जिवाणूंना आयती जागा देते. देठाशी तपकिरी, पाणचट डाग दिसतो, बोट लावलं की कळी मऊ लागते आणि गळते. (कळी कोरडी, पिवळी पडून गळली तर ती सड नव्हे, तिथे उष्णता, कोरडी हवा किंवा कुंडीची हलवाहलव तपासा.)

आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी (तीही ऑर्किडच) पावसात भिजतेच की! पण ती फांदीवरून लोंबते, पाणी ओघळून जातं, वारा तिला सुकवतो. बंद गॅलरीत तो वारा नसतो.

कॅटलिया या ऑर्किडच्या जातीची गोष्ट आणखी नाजूक. तिची कळी हिरव्या आवरणात वाढते आणि आत बाष्प साचतं. उजेडाकडे धरून पाहा. आत थेंब दिसले तर निर्जंतुक ब्लेडने आवरणाचं टोक अलगद उघडा, कळीला धक्का न लावता.

पाणी सकाळीच, मुळांना द्या. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या पानांच्या गाभ्यात थेंब राहिला तर कागदाने टिपून घ्या, कारण त्या झाडाला वाढीचा कोंब बहुधा एकच असतो. पावसाळ्यात छोटा पंखा लावा, कुंड्यांत अंतर ठेवा. सडलेली कळी लगेच काढून टाका.