‘टेलनेट पुरतं’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना नेटवर्कवाला’ महोदय,

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० या नेटवर्क स्विचवर एसएसएच सुरू करण्याच्या लेखावर आपण लिहिलंत: ‘हसू आलं. ऑफिसच्या आतल्या स्विचला टेलनेट पुरतं, दोन ओळींत काम होतं. नवख्यांना उगाच घाबरवू नका. व्हीएलॅन १ वर आयपी देणाऱ्याने सुरक्षेवर बोलू नये. व्हीटीवाय ० ते ४ पुरे. आणि स्क्रीनशॉट वाचता येत नाहीत.’ (नवख्यांसाठी: टेलनेट आणि एसएसएच हे दुरून स्विचमध्ये शिरायचे दोन मार्ग, पहिला उघडा, दुसरा कूटबद्ध. व्हीटीवाय म्हणजे अशा दुरून येणाऱ्यांसाठीच्या स्विचमधल्या लाइन. व्हीएलॅन म्हणजे स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क.)

स्क्रीनशॉट बारीक आहेत, मान्य. मोठे टाकतो.

पण ‘हसू आलं’ म्हणजे काय? चूक दिसली तर दाखवा, हसता कशाला? इथे नुकतीच कामाला लागलेली मुलं येतात. ज्येष्ठ म्हणवणारे असे हसायला लागले की ती प्रश्न विचारायचंच सोडून देतात. आणि कन्सोल केबल लावून रॅकसमोर फरशीवर बसण्यात आमचीही उमेदीची वर्षं गेली आहेत. ‘जुना’ हे बिरुद काही एकट्या तुमचं नाही.

आता ‘टेलनेट पुरतं’. पोर्ट २३ वरून जे जातं ते उघडं जातं. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचं ट्रॅफिक पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) एक टेलनेट सेशन पकडा आणि ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ करा. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल, कारण स्विच ते परत पाठवतो. पासवर्डचं मात्र एकदाच, कारण तो परत येत नाही. म्हणजे चोरायची गोष्टच सगळ्यात स्वच्छ वाचता येते! त्यामागोमाग एनेबलचा, म्हणजे स्विचच्या पूर्ण अधिकारांचा, पासवर्डही तसाच. ‘स्विचवर दुसऱ्याचं ट्रॅफिक दिसतं कुठे?’ असं म्हणणार असाल, तर त्याच व्हीएलॅनमधल्या एका लॅपटॉपने एआरपी स्पूफिंग केलं (दुसऱ्या मशीनच्या पत्त्याचं सोंग घेतलं) की दिसतं. कॉल रेकॉर्डिंगसाठी लावलेला स्पॅन पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा) कुणी काढायला विसरला असेल, तर तेवढेही कष्ट नकोत.

आणि दोन ओळी कुठल्या मोजल्यात? एसव्हीआयला (व्हीएलॅनवरच्या स्विचच्या आभासी इंटरफेसला) आयपी, ‘नो शटडाऊन’, दुसऱ्या सबनेटमधून यायचं तर ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे’, हे सगळं टेलनेटलाही लागतंच. एसएसएचसाठी वर लागतं ते एवढंच: होस्टनेम, ‘आयपी डोमेन-नेम’, ‘युजरनेम’ला ‘सीक्रेट’, ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८’, ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’, आणि व्हीटीवायखाली ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’.

अडतं ते ठरलेल्या ठिकाणी. होस्टनेम ‘स्विच’ असंच ठेवलं तर आरएसए की (कूटबद्धीकरणाची किल्ली) तयारच होत नाही. ही की ७६८ बिटांहून लहान असली तर व्हर्जन २ चालत नाही, म्हणून सरळ २०४८ द्या. स्विच थोडा वेळ घेतो, तेवढ्यात एंटर बडवू नका. ‘लॉगिन लोकल’ऐवजी नुसतं ‘लॉगिन’ राहिलं तर एसएसएच आत घेत नाही, कारण त्याला युजरनेम लागतं आणि लाइनच्या पासवर्डला ते नसतं. ‘क्रिप्टो’ ही कमांडच ओळखली जात नसेल तर स्विचमधली सॉफ्टवेअर इमेज के९ (कूटबद्धीकरणाची सोय असलेली) नाही. आणि जुनं आयओएस (सिस्कोची स्विचवरची ऑपरेटिंग सिस्टीम) असलेल्या स्विचला ओपनएसएसएच ८.८ किंवा त्यानंतरच्या क्लायंटने नकार दिला, तर पासवर्डवर संशय घेऊ नका. क्लायंटने एसएचए-१ वाली आरएसए सही (स्विचची ओळख पटवायची जुनी पद्धत) बंद केलेली असते; त्या एका होस्टपुरती ती चालू करावी लागते.

घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर नवख्याला भीती असते ती दूरवरच्या स्विचमधून स्वतःच बाहेर फेकलं जाण्याची. त्यावर लेखात उपाय दिलाय, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. ऑफिस सुटल्यावर ‘रीलोड इन १०’ द्यायचं, सेव्ह करायचं का विचारलं तर ‘नो’, मग बदल करायचे. पहिली खिडकी बंद न करता दुसरीतून एसएसएचने आत जाऊन बघायचं. जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’, मगच सेव्ह. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो.

व्हीएलॅन १ चा विषय निराळा, लेख त्यावर नव्हताच.

राहिलं ‘० ते ४ पुरे’. या स्विचला व्हीटीवाय लाइन ० ते १५ आहेत. ० ते ४ वर एसएसएच केलं आणि ५ ते १५ खाली सेटअपच्या वेळचा पासवर्ड तसाच राहिला, तर टेलनेट बंद कुठे झालं? तुमच्याच एखाद्या स्विचवर ‘शो रनिंग-कॉन्फिग’ला ‘पाइप बिगिन लाइन व्हीटीवाय’ जोडून चालवा आणि ५ ते १५ खाली काय निघतं ते इथे लिहा. पासवर्ड खोडून लिहा, म्हणजे झालं.