एका मेसेजमध्ये तीन पक्षी

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. निळ्या पक्ष्याचा फोटो, सोबत शिळेचं रेकॉर्डिंग आणि मजकूर असा: ‘हिमालयातला हा दुर्मिळ पक्षी फक्त पावसाळ्यात सह्याद्रीत येतो. नर निळा, मादी तपकिरी. माणसाची शीळ ऐकून गाणं शिकतो. मोबाइलवर आवाज लावा, लगेच उत्तर देईल!’ आवाज खरंच शीळकरी कस्तुराचा, म्हणजे सह्याद्रीच्या रानात ओढ्याकाठी राहणाऱ्या पक्ष्याचा आहे. बाकी घोळ.

फोटो बघा. चोच पिवळी, अंगावर चमकते ठिपके. हा हिमालयातला निळा कस्तूर, आकारानेही थोराड. आपला शीळकरी कस्तूर जेमतेम २५ सेंटीमीटरचा. चोच आणि पाय काळे, कपाळावर व खांद्यांवर लखलखीत निळा रंग. हा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो. ओढ्याकाठच्या अंधारात पक्षी सरळ काळा वाटतो. त्याला नीट पाहिलेले लोक कमी, ते त्यामुळेच.

‘फक्त पावसाळ्यात येतो’ हेही खोटं. आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वरच्या जंगलांत तो बारमाही असतो; पचमढी आणि माउंट अबूलाही आहे. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ, म्हणून पहाटे उजाडण्याआधीच शीळ सुरू होते. घरटं ओढ्याजवळ, खडकाच्या कपारीत. खेकडे, गोगलगायी दगडावर आपटून खायच्या, तर त्याला पावसाइतकी सोयीची वेळ कुठली? आणि दुर्मिळ म्हणाल, तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्याबाहेरच्या गटात आहे.

नर निळा, मादी तपकिरी? शीळकरी कस्तुरात नर-मादी सारखेच दिसतात. हे वर्णन तिसऱ्याच पक्ष्याचं, निळ्या शैलकस्तुराचं. तो मात्र खरा पाहुणा, पण हिवाळ्यातला. गडांच्या तटावर, दगडखाणीत एकटाच बसलेला असतो.

माणसाकडून शिकण्याच्या गोष्टीला थोडा आधार आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांनी चाली उचलल्याचं जुन्या पक्षिसाहित्यात सांगितलेलं आहे. पण रानातल्या कस्तुराची शीळ त्याची स्वतःची. ती मध्येच भरकटते, सूर अर्धवट सोडते. इंग्रजांनी त्याला ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’ म्हटलं ते ऐकायला माणसासारखी वाटते म्हणून, कुणी शिकवलं म्हणून नव्हे.

सगळ्यात वाईट शेवटचं वाक्य. विणीच्या दिवसांत मोबाइलवरची शीळ त्याला हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या कस्तुराची वाटते. तो जवळ येतो, शीळ घालतो, आणि आपण खूश होतो की उत्तर दिलं! तो हद्द राखत असतो. तेवढा वेळ चारा शोधणं आणि पिल्लांना भरवणं बाजूला राहतं, आणि ओढ्यावर येणारा दर दुसरा ग्रुप हेच करत असेल तर दिवसभर. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान हे वाक्य काढून पाठवा.