डॅशबोर्डचा कप्पा उघडू नये

जुनी गाडी बघायला एकट्यानं जाऊ नये. मेव्हणा हवा, मेव्हण्याचा मित्र हवा, होटगी रोडला ज्याचा स्वतःचा टेम्पो आहे तो हवा. आणि एक जण असा हवा, की ज्याला गाडीतलं काही कळत नाही पण 'द्यायचं बोला ओ' एवढं ठणकावून म्हणता येतं. सगळ्यांनी मिळून गाडीला एक प्रदक्षिणा घालावी, दार उघडून धाडकन लावावं आणि टायरला लाथ मारावी. लाथेतून नेमकं काय कळतं हे कुणी विचारू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. पण ते वाचायचं तर उकिडवं बसावं लागतं, पँटला धूळ लागते आणि मेव्हण्यासमोर आपण अडाणी दिसतो. त्यापेक्षा लाथ बरी.

सोलापुरात विकायला निघालेली गाडी डॉक्टरची असते. डॉक्टरची नसली तर प्राध्यापकाची. 'दवाखाना ते घर, बाकी कुठं नाही', आणि मीटरवर ३८,००० किलोमीटर. हे ऐकून मान डोलवावी. एवढ्याशा रनिंगमध्ये ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत कसं झालं, ड्रायव्हर सीटची कड का फाटली, असले प्रश्न विचारणं डॉक्टरांच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला तर तिथल्या मागच्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं रनिंग निघू शकतं. पण तिथं जाऊन विचारलं म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि विश्वासावर तर जग चाललंय.

आपण पोचायच्या आधीच बॉनेट तापलेलं असेल तर 'तुमच्यासाठी धुऊन आणली' हे उत्तर मान्य करावं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, मागून निळा धूर सोडत ऑइल जाळतंय का, हे बघायला भल्या सकाळी जावं लागतं. आणि भल्या सकाळी नेमकं नळाला पाणी आलेलं असतं. आठवड्यातून ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी सोलापूरचा माणूस घर सोडत नाही, मग गाडी डॉक्टरची असो की कलेक्टरची.

व्यवहार ठरला की टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे कागद. तुम्ही विकणारे असाल तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्याव्यात, चहा प्यावा आणि विसरून जावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० म्हणतं, की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवावं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यावी. सुप्रीम कोर्टानं तर २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगून टाकलं: गाडी पुढं किती का हातांतून जाईना, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. तरीही तुम्ही निर्धास्त राहावं. विकलेल्या गाडीनं अफझलपूरकडं कुणाला उडवलं तर समन्स तुमच्याच जुळे सोलापूरच्या पत्त्यावर येईल. तेवढीच गाडीची खुशाली कळते.

आणि घेणारे असाल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघता येतं म्हणून लगेच बघायचं नसतं. 'लोन कधीच फिटलंय, एनओसी यायचीय' हे वाक्य किती आत्मविश्वासानं म्हटलं गेलं ते बघावं.

गाडी आली. आता मे महिना. पारा ४३ ला टेकलेला, तुळजापूरला निघालाय, पाचाच्या गाडीत सात माणसं, एसी चारवर, आणि घाटाच्या तोंडाशी टेंपरेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागतो. घाबरट माणसं इथं गाडी बाजूला घेतात, एसी बंद करतात, इंजिन थंड व्हायची वाट बघत तासभर बाभळीखाली बसतात. तुम्ही काट्याकडं बघायचंच नाही. वर देवी बसलेली आहे, बघेल ती.

वाफ दिसायला लागली की मात्र थांबावं, आणि थांबल्याबरोबर रेडिएटरचं झाकण उघडावं. आतलं कूलंट दाबाखाली असतं म्हणून शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून बाहेर येतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय, झाकणावर भाजलेल्या हाताचं चित्रसुद्धा छापलंय. पण सातांपैकी एक जण 'टॉवेल टाकून फिरव बे, काय होत नाही' म्हणतोच, आणि सातांत जो जोरात बोलतो त्याचं चालतं. टॉवेल सोलापुरी असतो, त्याला काही होत नाही.

मग शेजारच्या ढाब्यावरून बोअरचं पाणी आणून भरावं. कूलंट महाग असतं, पाणी फुकट असतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसेल, पण तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची काळजी करायला आपण काय डॉक्टर आहोत?

परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडं. मिस्त्री एकदा बॉनेटमध्ये डोकं घालतो, पाना मागतो, आणि अर्ध्या तासात तुमच्या हातात एक वाटोळा पितळी तुकडा ठेवतो. मधोमध स्प्रिंग, कडेला पांढरा क्षार, अजून कोमट. 'थर्मोस्टॅट काढून टाकलाय साहेब. कंपनी उगंच बसवती. आता गरम व्हायचं नाव घेणार नाही.' इंजिन ठरावीक गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरायचं आणि मग वाट मोकळी करायची, एवढंच त्या तुकड्याचं काम. अडकून बसला असेल तर नवा टाकायचा असतो. काढूनच टाकला तर इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि पंखा बंद होता की पंप गळत होता हे कुणी बघितलेलंच नसतं. पण तुम्ही असले प्रश्न काढू नका. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं खपून जो भाग बसवतात तो अक्कलकोट रोडला अर्ध्या तासात काढून मिळतो, याचा अभिमान बाळगा. आणि ॲव्हरेज का पडलं म्हणून पंपवाल्याशी भांडा.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर नेमका त्याच जागी बसेल असा स्टिकर बाजारात मिळतो. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवावी. विड्या वळणाऱ्या गावात तंबाखूला तोटा नाही. उंदीर पुडीला वळसा घालून वायर खातो, पण उपाय केल्याचं समाधान आपल्याला मिळतं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पावडर दिसली तर ती वाढू द्यावी. ज्या दिवशी गाडी ढकलायची वेळ येईल त्या दिवशी शेजाऱ्यांशी संबंध सुधारतात.

आता विम्याचं बोलू, कारण खरी मजा तिथं आहे. विमा म्हणजे सात रस्ता चौकात पोलिसानं हात केला की दाखवायचा कागद. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा विमा, नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार दंड होतो, त्यापेक्षा काढलेला बरा, एवढाच त्याचा विचार करावा. एजंट 'फुल इन्शुरन्स हाय साहेब, नटबोल्टसकट' म्हणाला की पुढचं पान उलटू नये. पॉलिसी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकावी. तिथं मॅन्युअल अजून प्लास्टिकच्या पिशवीत असतं, मुदत संपलेली पीयूसी असते, मागच्या दसऱ्याची आपट्याची पानं असतात. कप्पा लावून घ्यावा. उघडायचा तो फक्त कागद आत टाकण्यापुरता.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत कुणीतरी मागून ठोकतं आणि बंपर फुटतो. लगेच क्लेम. हिशोब करत बसणारे कंजूष लोक काय सांगतात ते ऐकून घ्या: बंपर प्लास्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते. घसारा न कापणारं झीरो डेप कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तुम्ही 'कशाला उगंच' म्हणून सोडलेलं असतं. सहा हजारांच्या बंपरचे राहिले तीन हजार. लहान गाडीला दर क्लेममागं पहिले एक हजार तुमचे, म्हणून हातात आले दोन. आणि त्या दोन हजारांपायी पाच वर्षं क्लेम न घेतल्यानं मिळालेली ५० टक्के नो क्लेम बोनसची सूट पुढच्या वर्षी शून्यावर. पण कंपनीला इतकी वर्षं पैसे भरलेत, ते वसूल नको करायला? हप्ता वाढेल तेव्हा वाढेल. कंपनीचे दोन हजार खाल्ले, ही गोष्ट चार लोकांत सांगता येते.

एजंट हुशार असेल तर ती सूटही वाचवतो. कंपनी बदलायची आणि फॉर्मवर 'मागच्या वर्षी क्लेम नाही' असं लिहायचं. सही तुमची, अक्षर त्याचं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडं चौकशी करते ती कधीकधी मोठा क्लेम आल्यावरच. तोपर्यंत तुम्ही बचतीत असता. हप्ता आणखी खाली आणायचा तर तो आयडीव्ही कमी करून देतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. पण आपली गाडी कोण चोरतंय, थर्मोस्टॅट नसलेली?

राहिला पाऊस. सीना नदी वर्षभर दिसत नाही, पण येते तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरसारखी येते. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहतंय, पलीकडं चार माणसं उभी आहेत आणि हातानं 'या, या' करतायत. ती माणसं स्वतः पायी आहेत, इकडं लक्ष देऊ नये. गाडी घालावी. मध्यावर ती बंद पडली की लगेच सेल्फ मारावा, एकदा नाही, लागोपाठ मारावा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. सेल्फ मारला नाही आणि गाडी तशीच टो करून नेली तर इंजिन बऱ्याचदा वाचतं. पण लोक बघत असताना गप्प बसून राहणं फार अवघड असतं.

मग विमा कंपनीकडून नुकसान बघायला सर्व्हेअर येतो. खरं तर तो यायच्या आधीच तुम्ही मिस्त्रीकडून इंजिन खोलून ठेवावं, म्हणजे त्याचे कष्ट वाचतात. तो फोटो काढतो, वाकलेला रॉड उचलून बघतो आणि अगदी सहज विचारतो, 'पाण्यात असताना सेल्फ किती वेळा मारला?' सोलापूरचा माणूस खोटं कशाला बोलेल? 'धा-पंधरा वेळा मारला की ओ. लई ट्राय केलं.' सर्व्हेअर ते शांतपणे लिहून घेतो. थोड्याच दिवसांत इंग्रजीत दोन पानांचं पत्र येतं. त्याचा सारांश असा, की पाणी शिरलं ती आपत्ती, पण सेल्फ मारला ते तुम्ही. इंजिनसाठी वेगळं कव्हर मिळतं, ते तुम्ही घेतलेलं नाही.

पत्र आल्यावर काही लोक भलतंच करतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवतात, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जातात. लोकपालाचं ऑफिस पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. ते जमत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग इथंच आहे, दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथंही फी नाही. फी नाही याचा अर्थच त्यात दम नाही. तुम्ही माजी नगरसेवकाच्या पुतण्याला फोन लावावा. तो 'करतो की' म्हणेल. कंपनीचं ऑफिस मुंबईत, पत्र लिहिणारा हैदराबादचा, आणि पुतण्याची ओळख पार्क चौकापर्यंत. तरी 'करतो की' ऐकल्यावर दोन महिने बरे जातात.

दोन महिन्यांनी कुणीतरी शहाणा म्हणतो, निदान पॉलिसीत इंजिनचं कव्हर आहे की नाही ते तरी बघा. तुम्ही कप्पा उघडता. आत गेल्या वर्षीची पॉलिसी असते. या वर्षीची ईमेलवर आलेली असणार, पण ईमेल तुमचा नाही, एजंटचा आहे, फॉर्म त्यानंच भरला होता. मोबाइल नंबरही त्याचाच. मुदत संपत आल्याचे मेसेज, सर्व्हेअरची तारीख, कंपनीनं मागितलेली कागदपत्रं, सगळं त्याच्याच फोनवर गेलेलं. म्हणून त्याला फोन लावावा. तो तिसऱ्यांदा उचलतो.

'दादा, इन्शुरन्स सोडलं की आपण दिवाळीलाच. सध्या सोलरचं बघतो. छत किती फुटाचं हाय तुमचं?'