डोळा एक, खिडक्या दोन

झोर्की-४ या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्याला ३५ मिलीमीटरची ज्युपिटर-१२ लेन्स लावली की कॅमेऱ्याची स्वतःची खिडकी कुचकामी ठरते. तिला ५० च्या लेन्सपुरतंच जग ठाऊक. मग वरच्या खाचेत जादा व्ह्यूफाइंडर खोचायचा. माझ्याकडचा रशियन आहे, पिस्तुलाच्या चक्रीसारखा फिरणारा: २८, ३५, ५०, ८५, १३५. हा घेऊन इंदूरमध्ये बाहेर पडलं की पोहे-जलेबीच्या ठेल्यावर कुणीतरी विचारतंच, “भैया, कितने का पड़ा?” सौ. शेजारीच असल्याने मी ऐकू न आल्यासारखं करतो.

खरी परीक्षा राजवाड्यासमोर, पाहुण्यांच्या ग्रुप फोटोला. आधी फिल्म पुढे सरकवून शटर ताणायचं, मगच शटरचा स्पीड लावायचा. उलट केलंत तर झोर्की रुसतो. ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करायची रिंग लेन्सच्या तोंडात, आतल्या बाजूला, म्हणजे प्रत्येक वेळी काचेवर बोटाचा ठसा. मग फोकससाठी खालच्या, कॅमेऱ्याच्या खिडकीत आत्याच्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. दोन आत्यांची एक झाली की डोळा वरच्या खिडकीला. चष्मा असेल तर धातूची कड काचेवर कर्रकन घासते. तेवढ्यात भाचा बागेत पसार झालेला असतो आणि काका ओरडतात, “अरे, आटप की! हसून हसून गाल दुखले!”

पुढे पॅरलॅक्स. फाइंडर लेन्सच्या चारेक बोटं वर बसतो, म्हणून त्याला जेवढं वरचं दिसतं तेवढं लेन्सला दिसत नाही. राजवाड्याच्या सात मजल्यांत चार बोटं गेली तर होळकरांचं काही बिघडत नाही. दीड मीटरवरच्या आत्याचा मात्र नेमका अंबाडा जातो, तोही गजऱ्यासकट. फाइंडरच्या बुडाशी त्यासाठी एक छोटी दांडी असते, अंतराच्या आकड्यावर सरकवायची. पण ती सरकवेपर्यंत आत्या दोन पावलं पुढे येऊन विचारते, “झाला का रे?”

शिवाय चक्री पिशवीत आपोआप फिरते. ३५ समजून डोळा लावावा, तर १३५ मधून काकांचं फक्त नाक.

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, वेगळाच पेच. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईभोवती डोळ्यांना लखलखाट, पण आयएसओ १०० च्या, कमी संवेदनशील फिल्मला तो अंधारच. फ्लॅश लावावा, तर खाच एकच. फ्लॅश बसवला तर फ्रेममध्ये काय येतंय ते कळत नाही, फाइंडर बसवला तर फोटोत काहीच येत नाही. मी फाइंडरच बसवतो. अंधार तरी नीट फ्रेममध्ये येतो.