‘सहन होतं’ म्हणजे दहापैकी किती?

गेल्या महिन्यात मी एंडोमेट्रिओसिसवरच्या एका संशोधनात नाव दिलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, तो हा आजार. डाव्या ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजारात होणारी जुन्या रक्ताची गाठ, दुर्बिणीतून काढून मला चार वर्षं झाली. त्याआधीची नऊ वर्षं ‘पाळीत दुखतंच गं’ एवढंच ऐकत होते, घरी, ऑफिसात आणि दवाखान्यातही. त्यामुळे समोरच्या ताई वही उघडून म्हणाल्या, “काय काय होतं ते सावकाश सांगा,” तेव्हा मला दोन मिनिटं बोलताच येईना.

मग आकडा विचारला. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. मी म्हटलं, “सहन होतं.”
“सहन होतं म्हणजे किती?”
“चार लिहा.”
त्यांनी चार लिहिला आणि पुढे गेल्या. मागच्या पाळीत किती दिवस कामावर गेला नाहीत? दोन. झोप लागली? नाही. उलट्या? झाल्या. शौचाला बसताना दुखतं? हो, आणि हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. संबंधांच्या वेळी? हो. शेवटी त्या मागच्या पानावर आल्या आणि म्हणाल्या, “चार तसाच ठेवायचा का?” मी आठ केला.

घरी येताना रिक्षात मला रडू आलं. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेक जणी तो चारच सांगून येतात. आपल्याला दुखणं मोजायला शिकवलेलं नाही, गिळायला शिकवलंय. खरं तर आपल्याकडे त्यासाठी किती शब्द आहेत! कळ येते, ठणकतं, पोटात पिळा पडतो, कंबर धरते, मांडीत चमक जाते. ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि फॉर्मवर त्यांच्यासाठी एकच चौकट होती, ‘तीव्र वेदना’. माझे शब्द ताईंनी समासात लिहून घेतले. तुम्हीही तसा आग्रह धरा.

हे सगळं लिहिण्याचं कारण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हा आजार मूल होण्याच्या वयातल्या दहापैकी एकीला असतो, म्हणजे जगभरात सुमारे 19 कोटी जणींना. 2023 साली या आजाराच्या जनुकांवरचा एक फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा आजार असलेल्या 60,674 बायकांची माहिती त्यात होती, आणि आजाराशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या 42 जागा सापडल्या. पण त्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आपण त्यात नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, परळमधल्या प्रजनन आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने भारतीय बायकांचा असा अभ्यास देशातल्या अनेक केंद्रांवर उभा राहिला, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. पण अभ्यास उभा राहून भागत नाही, आपण तिथे जायला हवं.

जाताना मात्र मान खाली घालून जाऊ नका. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात माझ्यापुढे इंग्रजी कागदांचा गठ्ठा सरकवून “इथे सही करा” म्हणाले होते. मी केली. रक्त घेतलं. त्याचं पुढे काय झालं, मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलं म्हणून उपचारात कमी-जास्त होता कामा नये. जाण्यायेण्याचा खर्च विचारायलाही लाजू नका. आणि निकाल कळवाल ना, हे सही करण्याआधी विचारा.

एक गोष्ट मात्र मला फार टोचते. अशा अभ्यासात बहुतेक माझ्यासारख्याच येतात, सोनोग्राफी, एमआरआय, दुर्बीण इथपर्यंत पोचलेल्या. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. पोटात दुखतं, अंगावर जातं, तर काढून टाका. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर वाढतो, नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही, हे त्यांच्यापर्यंत कोण पोचवणार? संशोधकांनी ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत जायला हवं, आणि सहा महिने फडात असणाऱ्या बाईला जमेल अशी वेळ शोधायला हवी. ते अवघड आहे, तरी व्हायलाच हवं.

फॉर्ममध्ये शेवटी प्रश्न होता: आईला किंवा बहिणीला असा त्रास होता का? मी ‘माहीत नाही’ लिहिलं. छत्तीस वर्षं एकाच आईची मुलगी असून माहीत नाही. रात्री फोन केला. आई आधी म्हणाली, “आता कशाला ते?” मग हळूहळू सांगायला लागली. चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची. आजी दार लोटून घ्यायची, म्हणजे आजोबांना दिसू नये. आम्हा दोघी बहिणींच्या मध्ये सात वर्षांचं अंतर का आहे, तेही तिने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या भेटीला ती माझ्यासोबत येणार आहे. विचारत होती, “मलाही आकडा सांगायला लागेल का गं?”