काम त्याचं, सही आपली

एआयमुळे नोकऱ्या जाणार का, हा प्रश्न आता इतक्यांदा ऐकलाय की कोणी काढला की मी सरळ विषय बदलते. काहींच्या जातील, काहींच्या गेल्यात पण, ते दुःख खरं आहे आणि त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांच्याबद्दल. त्यांच्या कामाचं नेमकं काय झालंय? तर करायचं काम कमी झालं आणि तपासायचं काम वाढलं, आणि हे तपासायचं काम कोणाच्याच हिशोबात धरलेलं नाही.

आमच्या ऑफिसातलंच सांगते. मीटिंगचे मुद्दे आता कोणी लिहून घेत नाही, एआय टूल सगळं ऐकतं आणि आपण खुर्चीवरून उठेपर्यंत सगळ्यांच्या मेलमध्ये देखणे पॉइंट्स, म्हणजे मीटिंगचे मिनिट्स, येऊन पडतात. मागे एका मीटिंगमध्ये एक सहकारी म्हणाला, "समोरून डेटा सोमवारपर्यंत आला तर पंधरा तारखेला रिपोर्ट देतो, नाही आला तर मला आत्ता तारीख विचारू नका." टूलने लिहिलं, "रिपोर्ट १५ तारखेला देण्याचे ठरले." पुढे त्याचं नाव. वाक्य शुद्ध, तारीख बरोबर, नाव बरोबर, फक्त ज्या अटीवर बिचाऱ्याचा सगळा जीव होता ती अट तेवढी गायब. आणि मेल क्लायंटलाही गेलेलं! मग काय, "अहो पण मिनिट्समध्ये तर लिहिलंय की" हे ऐकत बसा. माणूस स्वतः समोर उभा राहून सांगतोय की मी असं म्हणालो नव्हतो, पण वजन मिनिट्सला. आता तो प्रत्येक मीटिंगनंतर ते मुद्दे बारकाईने वाचतो, शंका आली की रेकॉर्डिंगमध्ये ती जागा शोधतो, परत ऐकतो, दुरुस्ती पाठवतो. यापेक्षा पूर्वी वहीत चार ओळी खरडायचो ते स्वस्त पडायचं. पण वर कुठेतरी एका स्लाईडवर लिहिलेलं असणार की मिनिट्स लिहिण्याचा वेळ वाचला. वाचला ना, लिहिण्याचा वाचला. तपासण्याचा कोणी मोजलाच नाही.

बरं, आपल्याला स्वतःलाही तो कळत नाही ही अजून गंमत. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने एक छोटा पण नीट प्रयोग केला होता. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्या रोजच्या ओळखीच्या कोडमधलीच २४६ कामं, काही एआय वापरून करायची आणि काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि सगळं झाल्यावर त्यांना विचारलं तर म्हणे आम्ही साधारण २० टक्के फास्ट झालो! आता १६ म्हणजे काही सगळं जग नाही, टूल्सही तेव्हाची होती, नवख्या माणसाचं किंवा अनोळखी कामाचं गणित वेगळं येऊ शकतं, हे सगळं मान्य. पण वेळ लागतोय आणि वाचतोय असं वाटतंय, हे वाचल्यावर मला माझे कितीतरी दिवस आठवले. ड्राफ्ट समोर पटकन येतो ना, तिथेच आपण खूश होतो, नंतर त्याच्याशी मारामारी करण्यात संध्याकाळ जाते ती कोणाच्या नावावर टाकायची हे कळत नाही.

यातली चूक पकडणं इतकं जड का जातं याचा मी बराच विचार केलाय. माणसाची चूक चेहऱ्यावरून कळते. ज्युनिअरला एखादा भाग समजला नसेल तर तिथे त्याची वाक्यं अडखळतात, आकडा गोल होतो, परिच्छेद उगाच लांबतो, आपण वाचता वाचता बरोब्बर तिथेच थांबतो. एआयचं तसं नाही. ते मुळात पुढचा शब्द कोणता येण्यासारखा आहे याचा अंदाज लावत लिहीत जातं, त्यामुळे माहिती पक्की असो नाहीतर चक्क ठोकून दिलेली असो, भाषा तेवढीच गुळगुळीत, आत्मविश्वास तेवढाच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये जुन्या निकालांचे दाखले दिले, ते चॅटजीपीटीने रचलेले निघाले. निकालच अस्तित्वात नव्हते. आणि वकिलाने त्याला विचारलंही होतं बरं का, की बाबा ही केस खरी आहे ना? तर ते म्हणालं हो, खरी आहे. म्हणजे आरोपीलाच पंच नेमलं. शेवटी ५,००० डॉलरचा दंड बसला, आणि तो अर्थातच वकिलांना आणि त्यांच्या फर्मला बसला, चॅटजीपीटीला कोण दंड करणार.

इथे मला जे म्हणायचंय ते येतं. काम त्याचं आणि सही आपली. सहीच्या वर काय लिहिलंय ते आपण केलेलं नाही, पण खापर फुटायची वेळ आली की डोकं आपलंच. कंपन्यांना हे बरोब्बर कळलेलं आहे, म्हणून तर बहुतेक टूल्सच्या खाली बारीक अक्षरात ओळ असते की यात चुका असू शकतात, महत्त्वाची माहिती तपासून घ्या. एका ओळीत हात वर. एअर कॅनडाने तर कमाल केली होती. त्यांच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं की आत्ता तिकीट काढा, घरचं कोणी वारल्यावर मिळते त्या सवलतीसाठी नंतर ९० दिवसांत अर्ज केला तरी चालेल. प्रत्यक्षात तसा नियम नव्हता. त्याने पैसे मागितल्यावर कंपनीने असा पवित्रा घेतला की चॅटबॉट हा वेगळा आहे, तो काय बोलतो त्याला तोच जबाबदार! २०२४ मध्ये तिथल्या ट्रायब्यूनलने हे साफ उडवून लावलं, वेबसाईट तुमची, त्यावरचं सगळं तुमचं, भरपाई द्या. त्या माणसाकडे त्या चॅटचा स्क्रीनशॉट होता म्हणून निभावलं. स्क्रीनशॉट नसलेल्यांचं काय होत असेल कोण जाणे.

आणि कधीकधी पैशावर निभावत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात उबरच्या चाचणीतल्या सेल्फ ड्रायव्हिंग गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. गाडीत लक्ष ठेवायला एक ऑपरेटर बसलेली होती आणि ती त्या वेळी फोनमध्ये बघत होती, त्यामुळे तिची चूक नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही. पण तपासात हेही आलं की झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडेल हे त्या सिस्टिमच्या हिशोबातच नव्हतं. गुन्हा कोणावर? ऑपरेटरवर. तिने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला, ३ वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहायचं. कंपनीवर फौजदारी खटला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी असं पूर्ण म्हणता येणार नाही, पण सगळी फाशी एकटीच्याच वाट्याला आली एवढं नक्की.

आता या "माणूस लक्ष ठेवेल" प्रकाराबद्दल. नव्वद टक्के वेळा बरोबर चालणाऱ्या मशीनकडे तासन् तास डोळ्यात तेल घालून बघत बसणं माणसाला जमत नाही, तो आळशी आहे म्हणून नव्हे, आपलं डोकंच तसं चालत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्यांचा प्रश्न आला तेव्हा मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोग करून दाखवलं, अर्ध्या तासातच माणसाकडून खुणा सुटायला लागतात. हे इतकं जुनं आहे. तरी आजही प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या चौकटीत एक माणसाचं चित्र असतं आणि खाली "ह्यूमन रिव्ह्यू". अरे त्या माणसाला दिवसाला किती फाईल्स देणार आहात ते तरी लिहा की त्या चौकटीत! शंभर फाईल्स दिल्यात तर तो रिव्ह्यू नाही करत, क्लिक करतो.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र ज्युनिअर मुलांची वाटते. तपासायला काय लागतं? ते काम स्वतः केलेलं असावं लागतं. मी आज एखादा तक्ता बघून म्हणते की इथे काहीतरी घोळ आहे, बेरीज जुळतेय पण एक ओळ रिकामीच राहिलीय, हे मला कसं कळतं? कारण नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी असले कंटाळवाणे तक्ते हाताने बनवण्यात घालवली आणि आमच्या मॅडम ते लाल पेनने रंगवून परत द्यायच्या. तेव्हा वैताग यायचा, पण शिक्षण तेच होतं, दुसरं काही नव्हतं. आज तेच काम सगळ्यात आधी एआयला दिलं जातं कारण ते कंटाळवाणं आहे, सोपं आहे. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घ्यायच्या आणि वर विचारायचं की हल्लीची मुलं वर का चढत नाहीत. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी हुशार आहे, फास्ट आहे, तिचा रिपोर्ट माझ्या त्या वयातल्या रिपोर्टपेक्षा दहापट चांगला दिसतो, पण "हा आकडा इथे कुठून आला?" विचारलं की ती गप्प होते. तिला कोणी तो आकडा शोधायला लावलेलाच नाही. यात तिचा काय दोष?

बरं, हे फक्त नवख्यांचं नाही. २०२५ मध्ये पोलंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास लॅन्सेटच्या पोटविकारांच्या जर्नलमध्ये आला. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी, करताना पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठी एआय दाखवून देतं, त्याचा फायदाही होतो. पण ही सोय आल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यात गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. डॉक्टर अनुभवी, प्रत्येकाने दोन हजारांच्या वर तपासण्या केलेल्या. या अभ्यासावरून कारण अगदी पक्कं सिद्ध होतं असं नाही, मधल्या काळात बाकीही गोष्टी बदललेल्या असू शकतात. पण मशीन दाखवेल या भरवशावर डोळा सुस्तावतो ही शंका तरी घ्यायला हवी. लिझान बेनब्रिज या संशोधक बाईंनी १९८३ मध्येच, कारखान्यातल्या ऑटोमेशनबद्दल, हे लिहून ठेवलंय की रोजचं काम मशीनला दिलं की माणसाचा हात जातो, आणि नेमकं मशीन अडलं की त्याच माणसाकडून सगळ्यात अवघड कामाची अपेक्षा केली जाते.

घरी तर वेगळीच ड्युटी. आईला कोणीतरी ऑडिओ फॉरवर्ड करतं, मामाला कुठल्या मोठ्या माणसाचा व्हिडिओ येतो, की लगेच "अगं हे खरं आहे का बघ ना." मी कोण तपासणार? २०२४ मध्ये हाँगकाँगला एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेबांना बघून जवळजवळ २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले आणि त्या कॉलवरचे साहेबच एआयने बनवलेले, नकली होते. तिथे माझ्या मामाचं काय घेऊन बसलात. घरात एवढंच ठरवलंय की आवाज कोणाचाही असो, पैसे मागितले की फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन लावायचा. मामाला हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येऊन म्हणणारच की मग वापरू नका. वापरते की! रोज वापरते. लांबलचक मेल छोटं करायला, एक्सेलचा फॉर्म्युला शोधायला, ज्याचं उत्तर चुकलं तर मला जागच्या जागी दिसतं अशा प्रत्येक गोष्टीला झकास आहे. चूक सहा महिन्यांनी कोणाच्यातरी पगारात, औषधात किंवा कर्जाच्या अर्जात दिसणार असेल तिथे मात्र माझा हात थांबतो.

सध्या मी एक केलंय. टाइमशीटमध्ये "एआय ड्राफ्ट तपासणे" अशी वेगळी ओळ टाकायला लागलेय, आणि जे वाचायला मला वेळच दिलेला नाही त्यावर माझं नाव घालू नका असं मेलवर लिहून दिलंय. साहेबांनी बोलावून विचारलं की ही ओळ काय भानगड आहे, आधी तर नव्हती. म्हटलं, सर, आधी हे काम पण नव्हतं. ते म्हणाले क्लायंटला कसं दाखवायचं हे. आता त्यावर मीटिंग ठेवलीय, आणि त्या मीटिंगचे मुद्दे कोण लिहिणार यावर आमच्या टीमच्या ग्रुपवर कालपासून वाद चालू आहे.